मिठाच्या बेटावरचं भुयार

दाढीचा फोन आला तेव्हा थोरली स्टुलावर चढून पंखा पुसत होती. "ताई, बेट परत येतंय," तो म्हणाला, आणि ती ओलं फडकं हातात धरून तशीच खाली उतरली.

दाढीला आता दाढी नाही. डोक्यावरही सांगण्यासारखं काही उरलेलं नाही. पण ऐन विशीत चिकटलेलं नाव असं सुटत नसतं. त्या विशीतच तिघांनी मिळून, एका ड्रायक्लीनरच्या दुकानावरच्या खोलीत, कपड्यांच्या वाफेत घुसमटत 'मिठाचं बेट' नावाचा गेम बनवला होता. दाढीने कोड लिहिला, थोरलीने चित्रं काढली, आणि थोरलीच्या धाकट्या बहिणीने आवाज केले. घरात त्या दोघींना थोरली आणि धाकटी एवढंच म्हणत. त्यांची खरी नावं फक्त बँकेला माहीत होती.

गेम तसा अगदीच साधा. तुम्ही एका ओसाड बेटावर उतरता. तिथे मिठाचा बंद पडलेला कारखाना, गंजलेल्या पवनचक्क्या, पंपघर आणि कामगारांच्या रिकाम्या खोल्या. माणूस नाही, भूत नाही, मारामारी नाही, घड्याळ मागे लागलेलं नाही. नुसतं हिंडायचं, बघायचं, चाकं फिरवायची, झडपा उघडायच्या, कोड्यामागून कोडी सोडवायची आणि इथली माणसं कुठे गेली ते हळूहळू समजून घ्यायचं. "पण त्यात करायचं काय?" असं दोघींची आई तेव्हाही विचारायची आणि आजही विचारते. लोकांनी मात्र तेच करण्यात महिने घालवले, आणि आता चाळिशी गाठलेल्या त्या लोकांना बेट पुन्हा हवं होतं. दाढीच्या कंपनीने रीमास्टर करायला घेतला होता. म्हणजे गेम जुनाच, पण आजच्या यंत्रांवर चालेल आणि आजच्या डोळ्यांना सोसेल असा.

"तुझी चित्रं सगळी नव्याने करतोय," दाढी उत्साहाने सांगत होता. "आता खरंखुरं चालता येईल बेटावर. मान वळवली की बाजूचं दिसेल. तू फक्त येऊन बस आणि आमच्या मॉडेलरला सांग, कुठे काय होतं."

"आणि आवाज?"

"आवाज जसेच्या तसे. तिच्या टेपा अजून खणखणीत आहेत गं. त्यांना हात लावायची कुणाची हिंमत आहे?"

थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "येते," एवढंच म्हणून तिने फोन ठेवला आणि पंख्याचं उरलेलं पातं इतकं घासलं की त्याचा रंग निघाला.

आता यात दाढीचं काही चुकलं नव्हतं हे सांगायला हवं, कारण थोरली ते कधीच सांगणार नाही. त्या काळी चित्रं एवढीशी करून डिस्कवर कोंबावी लागत. आजच्या पडद्यावर ती ताणली की सगळ्याचा चिखल होतो. मोठी, मूळ चित्रं ज्या कॉम्प्युटरवर होती तो कॉम्प्युटर थोरलीनेच जागा अडवतो म्हणून भंगारात दिला होता. धाकटीने मात्र पहिल्यापासून हट्ट धरून चांगल्यातल्या चांगल्या यंत्रावर टेपा केल्या आणि कपाटात कपड्यांच्या घडीत जपून ठेवल्या. हे सगळं थोरलीला ठाऊक होतं. ठाऊक असल्याने पोटात दुखायचं थांबतं असं थोडंच आहे!

आणि हे दुखणं काही आजचं नव्हतं. आई लहानपणापासून पाहुण्यांना सांगायची, "आमची थोरली हुशार आणि धाकटी गुणी." या दोन शब्दांत नेमका फरक काय यावर थोरलीने अर्धं आयुष्य डोकं झिजवलं होतं. हुशार मुलीला गणितं घालतात आणि गुणी मुलीला जवळ घेतात, इतपत निष्कर्षाला ती आली होती. आता आई तिच्याच घरी राहत होती, तिच्याच हातचं जेवत होती, आणि बेट परत येतंय म्हटल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो हाच, "धाकटीचं ठेवलं ना गं सगळं?"

"ठेवलं," थोरली म्हणाली. "माझं टाकलं."

"बरं झालं," आई म्हणाली. तिला ऐकू नीट यायचं. अर्धंच ऐकायची ती.

दाढीचं ऑफिस एका दातांच्या दवाखान्याच्या वर होतं. दिवसभर खालून ड्रिलचा आवाज यायचा आणि नवीन माणूस आपसूक जबड्याला हात लावायचा. चित्रांवरून कॉम्प्युटरवर बेट उभं करणारा मॉडेलर हा दोन मुलांचा बाप, शांत, चहात बिस्किट बुडवून ते नेमकं कपात पाडणारा. तो जुनी चित्रं पडद्यावर मोठी करायचा आणि विचारायचा. हा जिना दगडी की लाकडी? या खिडकीपलीकडे काय दिसायचं? आणि थोरली सांगायची. या कामात तिला आपली जागा होती, आणि सुरुवातीचे काही दिवस ती खूश होती. पवनचक्कीच्या पात्याला ठिगळ होतं, खालच्या खोलीतल्या खुर्चीचा एक पाय आखूड होता, हे जगात तिच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. एकदा मॉडेलरने पंपघराच्या कोपऱ्यातल्या एका करड्या डागावर बोट ठेवलं. "मॅडम, हे काय आहे?" तो नुसता डाग होता. ब्रश घसरला होता कधीतरी. पण माहीत नाही म्हणणं तिच्या जिवावर आलं. "गोणी," ती ठामपणे म्हणाली. त्याने मन लावून गोणी केली, शिवण आणि गाठीसकट.

मूळ कागद म्हणून तिच्याकडे एकच गोष्ट शिल्लक होती, ती म्हणजे भुयाराचे ट्रेसिंग पेपर. पंपघराखालून मिठागरापर्यंत जाणारं ते भुयार म्हणजे बेटावरचं सगळ्यांत नावाजलेलं कोडं. आत मिट्ट काळोख, आणि वाटेला फाट्यामागून फाटे. फाट्यावर थांबून ऐकायचं. ज्या कानात पाणी वाजेल त्या बाजूला वळायचं. चुकलात तर पुढे भिंत. कोडं धाकटीचं होतं, आवाज धाकटीचा होता. थोरलीने काळोख तेवढा काढला होता. तिने तो पुष्कळ जीव ओतून काढला होता, पण काळोखाचं कौतुक कोण करणार?

तर हे कागद तिने मोठ्या दिमाखात आणले. मॉडेलर म्हणाला, "जुन्या गेममधूनच उचलतो ना मॅडम, दिसेल तेवढं." थोरलीला ते लागलं. "मूळ हे आहे," ती म्हणाली. "गेममधलं यावरून केलेलं आहे. भुयार यावरूनच व्हायला हवं, रेघेला रेघ." कागद नाजूक, जुने, पिवळे पडलेले. त्याने हात पुढे केला तर तिने तोही लावू दिला नाही. स्वतः एकेक कागद अलगद उलगडून स्कॅनरच्या काचेवर ठेवला. निदान भुयाराच्या भिंती तरी आपल्या हातच्या असतील, एवढं समाधान तिला झालं.

ते समाधान फार टिकलं नाही. कंपनीने नव्या बेटाची छोटी झलक लोकांना दाखवली आणि खाली शेकड्यांनी प्रतिक्रिया आल्या. थोरलीने घरी चष्मा लावून त्या सगळ्या वाचल्या. भुयारातलं पाणी ऐकून अंगावर काटा आला. डोळे मिटले आणि मी पुन्हा शाळेत होतो. हे आवाज करणारी बाई कोण आहे, तिला साष्टांग नमस्कार. असं पानंच्या पानं. चित्रांबद्दल शोधून शोधून एक सापडली. "बरं झालं चित्रं बदलली. तेव्हा तर धड काही दिसायचंच नाही."

थोरलीने चष्मा काढून पुसला, परत घातला आणि परत वाचलं. तेच होतं. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. जेवताना ती आईशी बोलली नाही, आणि आईच्या ते लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये ती बोलली ते फार सुंदर बोलली. "भुयाराचं मला पटत नाही," ती म्हणाली. "ज्यांना ऐकू येत नाही त्यांनी काय करायचं? पैसे भरून अर्ध्या बेटावरून परत फिरायचं? भिंतीवर मीठ साचलेलं असतंच. ज्या बाजूची वाट बरोबर तिथलं मीठ जरा चमकू दे. म्हणजे कुणी अडणार नाही." दाढी भारावून म्हणाला, "ताई, हे आमच्या कुणाच्या मनातच आलं नाही." मॉडेलरने सुचवलं की चमक सेटिंगमध्ये ठेवू, ज्याला हवी तो सुरू करेल. थोरलीने ते उडवून लावलं. "आधी बटण शोधायला लावायचं? म्हणजे आपण अडलोय हे त्याने आधी कबूल करायचं? सगळ्यांना सारखं ठेवा. कायम."

बोलणं शंभर टक्के खरं होतं, आणि हेतू शंभर टक्के खोटा. समोर चमक दिसत असताना कान देऊन पाणी ऐकत कोण उभं राहणार? धाकटीचं पाणी आपलं मागे वाजत राहील, लिफ्टमधल्या संगीतासारखं. थोरलीला हे पक्कं माहीत होतं, आणि माहीत असूनही तिला मान वर करून सगळ्यांकडे बघता आलं.

"चमक घालू या," दाढी म्हणाला. "पण कोडं तिचं आहे. शेवटचा शब्द तिचा. पुढच्या आठवड्यात ती येतेय, तिला खेळू दे."

चमक झाली. माणसं बसवून भुयार खेळवून बघितलं. सगळे सरसर पार झाले. एकाने लिहून दिलं, "आवाज छान आहे, पण कशासाठी आहे ते कळलं नाही." थोरलीने तो कागद दोनदा वाचला. तिला इतकं बरं वाटलं की मॉडेलरच्या मुलांसाठी तिने खाऊ आणला.

धाकटी आली ती सगळ्यांसाठी काही ना काही घेऊन. ती दुसऱ्या शहरात असायची, वर्षातून एकदा यायची, आणि आली की जिथे जाईल तिथली होऊन जायची. दाढीने तिला जिन्यातच मिठी मारली. खालच्या दवाखान्यातली कंपाउंडर बाई, जिला थोरली महिनाभर रोज ओलांडून जात होती, तिच्याशी धाकटीची पायऱ्या चढता चढता ओळख झाली. थोरली मागून बघत होती. शेजारी चालताना ती धाकटीला दोनदा काहीतरी बोलली तर बाईसाहेबांनी उत्तरच दिलं नाही. मोठं झालंय आता माणूस, थोरलीने मनात नोंद केली.

"चमक मला कळली," धाकटी मॉडेलरला म्हणाली. "पण मला एकदा आधीसारखं खेळू द्या. काळोखात. चमक बंद करून." मॉडेलरने ती बंद करून दिली. मग तो आणि दाढी चहाला गेले, आणि काचेच्या खोलीत दोघी बहिणीच राहिल्या. धाकटीने हेडफोन लावले. थोरली तिच्या उजव्या हाताला खुर्ची ओढून बसली, कारण तिथून पडदा चांगला दिसत होता.

पहिला फाटा. धाकटी थांबली, ऐकलं आणि डावीकडे वळली. समोर भिंत.

ती मागे आली. पुन्हा ऐकलं, या वेळी डोळे मिटून. पुन्हा डावीकडे. पुन्हा भिंत.

थोरलीला हसू आवरेना. स्वतःच्या कोड्यात स्वतःच अडकलेली! हे कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. दाढी आता यायला हवा होता, तिला वाटलं, त्याने हे बघायला हवं होतं.

मग धाकटीने हेडफोन काढले, उलटे केले आणि परत घातले. उजवी बाजू डाव्या कानावर. ऐकलं. पुन्हा सुलटे केले. ऐकलं. पुन्हा उलटे. आणि ती परत डावीकडेच वळली, आणि परत भिंत.

थोरलीचं हसू जिथल्या तिथे थिजलं. दोन कान असलेल्या माणसाला हेडफोन उलटसुलट करून ऐकावं लागत नाही.

"उजवा?" तिने विचारलं.

धाकटीने ऐकलं नाही. मघाशी जिन्यातही ऐकलं नव्हतं. थोरली उठली, खुर्ची तिच्या डाव्या हाताला नेऊन ठेवली आणि तिच्या कानावरून हेडफोन जरा बाजूला केला. "उजवा कान गेलाय का तुझा?"

"गेल्या वर्षी," धाकटी म्हणाली. "सकाळी उठले तर गेलेला. न दुखता, न खुपता. डॉक्टर म्हणाले आता नाही यायचा." मग तिने थोरलीचा हात धरला. "आईने सांगितलं ना तुला? तिला मी बजावलं होतं, ताईला बोलू नकोस म्हणून. पण दाढीने फोनवर चमकेचं सांगितलं तेव्हाच मला कळलं. तुला कधी तोंडाने सांगता येत नाही, पण तू करतेस. मी त्या दिवशी फोन ठेवून किती रडले माहितीये?"

पहिलं थोरलीच्या मनात काय यावं? आईला माहीत होतं! एका घरात, एका टेबलावर रोज जेवून आईने चकार शब्द काढला नव्हता. गुपितसुद्धा गुणी मुलीचं. हे मनात आलं आणि मागोमाग तिची तिलाच किळस वाटली.

"पण आता डावाही चाललाय, ताई," धाकटी हळूच म्हणाली. "हे बघ ना. मला पाणी डावीकडे ऐकू येतंय. दोन्ही बाजू आलटून पालटून याच कानाला लावून पाहिल्या, तरी डावीच वाजतेय. आणि वाट आहे उजवीकडे. पाणी मीच ठेवलंय तिथे, आणि मलाच सापडत नाही." तिने माउस बाजूला सारला. "मी दाढीला सांगते. तुझी चमक राहू दे, कायमची, सगळ्यांना. आणि भुयारातला आवाज काढून टाका. पूर्ण. मला ऐकू येत नाही ते बाकीच्यांनी ऐकलेलं मला बघवणार नाही." ती ओशाळून हसली. "वाईट आहे ना असं वाटणं?"

वाईट आहे की नाही हे थोरलीला विचारणं म्हणजे कमालच होती. या विषयात तिच्याइतका अभ्यास कुणाचा नव्हता. पण आपल्या मनातली गोष्ट दुसऱ्याच्या तोंडात इतकी केविलवाणी दिसेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

काहीतरी करायचं म्हणून तिने हेडफोन आपल्या कानाला लावले. पाणी डावीकडे होतं. शंका घ्यायला जागा नव्हती. लांबून, दगडाआडून, स्पष्ट डावीकडे. तिने माउस धरून डावीकडे वळून बघितलं. भिंत. मागे आली. उजवीकडच्या भिंतीत एक लोखंडी कडी होती, गंजलेली, दोर बांधायची. ती कडी तिनेच काढली होती. आणि तिच्या चित्रात ती डावीकडे होती. ही कडी जन्मात कधी उजवीकडे नव्हती, कारण ड्रायक्लीनरवरच्या त्या खोलीत खिडकी डावीकडे होती आणि बाहेरच्या गजाची कडी बघून तिने ती काढली होती.

कडी उजवीकडे. वाट उजवीकडे. म्हणजे सगळं भुयारच उजव्याचं डावं झालेलं.

ट्रेसिंग पेपर. दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो तो. काचेवर चित्राची बाजू वर करून ठेवला तर रेघा तशाच उमटतात, फक्त आरशातल्यासारख्या. आणि ते कागद दुसऱ्या कुणी ठेवले नव्हते. तिने कुणाला हातही लावू दिला नव्हता. मॉडेलरने रेघेला रेघ जुळवली, चमकही त्याच रेघांवर लावली, आणि सगळे चमकेमागून गेले म्हणून पाणी उलट्या बाजूला वाजतंय हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

थोरली गप्प राहिली. हे लपवण्यात अर्थ नाही, ती काही क्षण खरंच गप्प राहिली. तिला हवं ते सगळं समोर वाढून ठेवलं होतं. आवाज जाणार होता, तोही धाकटीच्या स्वतःच्या तोंडून. चमक राहणार होती. भिंती तिच्या, उजेड तिचा. तिने फक्त तोंड मिटून बसायचं होतं. खाली ड्रिल सुरू झालं आणि बंद झालं. शेजारी धाकटी आपला चांगला कान तळहाताने झाकत होती आणि उघडत होती, झाकत होती आणि उघडत होती, किती उरलाय ते बघत.

"तुझ्या कानाला काही झालेलं नाही," थोरली म्हणाली. "माझं चित्र उलटं लागलंय."

"काय?"

"कागद मी उलटे ठेवले स्कॅन करताना. सगळं भुयार उलटं झालंय. पाणी बरोबर आहे."

"तुझं चित्र?" धाकटी बघतच राहिली. "चुकलं?"

"हो, माझं. सारखं सारखं विचारू नकोस."

धाकटी आधी हसली की आधी रडली ते सांगता येणार नाही. दोन्ही इतक्या जोरात झालं की दाढी आणि मॉडेलर हातातले कप घेऊन धावत आले. थोरलीने त्यांना उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कागद मी ठेवले, हट्ट मी केला, जुन्या गेममधून उचलतो म्हणत होतास ते तुझं बरोबर होतं. मॉडेलरच्या कपात बिस्किट पडलं. "म्हणजे मॅडम, अख्खं भुयार परत?"

"अख्खं. आणि चमक सेटिंगमध्ये ठेव. ज्याला हवी तो लावेल."

"मला लागेल," धाकटी डोळे पुसत म्हणाली. "माझ्यासाठीच तर केलीय ती ताईने."

इथे थोरलीला गप्प बसता आलं असतं. चित्राची चूक कबूल केलीच होती, तेवढ्यावर भागलं असतं. पण धाकटी सगळ्यांदेखत तिच्याकडे अशा कौतुकाने बघत होती की तिला ते सोसेना. कौतुक करण्यातही हिनेच पुढे असावं! ते दोघे निघून जाईपर्यंत ती थांबली, आणि मग धाकटीच्या चांगल्या कानापाशी म्हणाली, "तुझ्यासाठी नव्हती केली. मला तुझ्या कानाचं माहीतच नव्हतं."

"मग?"

"मग काय. लोकांनी चमक बघावी आणि तुझं पाणी ऐकू नये म्हणून. बस्स."

धाकटीने हेडफोनची वायर बोटाला गुंडाळली आणि सोडली. रागावेल, उठून जाईल, आईला फोन लावेल, थोरलीने सगळ्याची तयारी ठेवली होती.

"मग तर तूच ऐक," धाकटी म्हणाली आणि तिने हेडफोन पुढे केले. "टेपा आता नव्या यंत्रातून गेल्यात. आवाज राहिलाय की मेलाय मला कळत नाही, एका कानाने अर्धंच पोचतं. दाढीला विचारलं तर छान म्हणतो. तो सगळ्यालाच छान म्हणतो. प्रेमाने ऐकणाऱ्यांचा काही उपयोग नाही मला."

थोरलीने हेडफोन घातले आणि डोळे मिटले. आजवर तिने हे पाणी नेहमी कामात असताना, दुसरीकडे बघत, नाक मुरडत ऐकलं होतं. आता ती नुसती ऐकत बसली. पाणी लांब होतं. ते दगडावरून उतरत होतं, कुठेतरी साठत होतं आणि साठलेलं पुन्हा सांडत होतं, आणि त्याच्याही मागे काहीतरी मोठं, उघडं होतं, समुद्र असेल किंवा नुसता वारा. तिने काढलेला काळोख इतका खोल नव्हता. या आवाजाने तो खोल केला होता. हे आपल्याला कधी जमलं नसतं. हे आपण करायला हवं होतं. दोन्ही एकदमच मनात आलं, लहानपणापासून यायचं तसंच.

तिने डोळे उघडले. धाकटी पडद्याकडे बघत नव्हती. ती थोरलीच्या चेहऱ्याकडे बघत होती, डावा कान जरा पुढे करून, श्वास रोखून.

"कसा आहे?"

छान हा शब्द थोरलीने ओठांपर्यंत आणला. त्यापुढे तो काही केल्या येईना.

"बरा आहे," ती म्हणाली.

धाकटीने तिचा चेहरा पुन्हा एकदा नीट बघून घेतला, आणि तिचे खांदे सैल पडले.

"हुश्श," ती म्हणाली. "म्हणजे अजून तसाच आहे."